आईचे चाळीस तास

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
आईच्या चाळीस तासांच्या रेकॉर्डिंगची खरी किंमत एकदा लिहून ठेवतो. चाळीस रविवार. एक रेकॉर्डर, तो आईच्या हातून धुण्याच्या बादलीत गेला. तिला साबणाची डबी वाटली. लेकीच्या पोहण्याच्या दोन स्पर्धा, दोन्हींत ती पहिली आली म्हणे. बायकोचा आठवडाभराचा अबोला, तो खर्चात धरायचा की जमेत हे ठरत नाही. आणि ताईशी भांडण, ते अजून चालू आहे. एवढ्यात आमच्या लोकांचा अख्खा इतिहास माझ्या टेबलाच्या खणात आला. स्वस्तात पडला.

आई जाऊन आज चोवीस दिवस. काही वाटत नाही. मी मुळातच खंबीर.

आदिवासी पत्रकार परिषदेचं पत्र आलंय. एप्रिलमध्ये, दोन दिवस. प्रशिक्षण सत्रांसाठी प्रस्ताव मागवलेत, मुदत २० फेब्रुवारी. वाचतानाच कळलं की हे पत्र सगळ्यांना पाठवलं असलं तरी लिहिलंय मला. विषयही तिथल्या तिथे सुचला: ‘ऐकण्याची कला’. पूर्ण दिवसाचं सत्र. माझ्यासारखे कान या धंद्यात दुसऱ्या कुणाचे नाहीत. छपाईचं मशिन कुठल्या पानाला अडणार हे मी समोरच्या चहावाल्याकडे बसून सांगतो. सहा वर्षं त्याच मशिनशेजारी गठ्ठे बांधले. आज मशिन माझं, आठ पानी साप्ताहिक माझं. हे काय बोलून बोलून झालं?

संकल्प: प्रस्ताव चार दिवसांत. समारोपाला आईचा आवाज. सभागृह रडणार. कागदी रुमालांचं आयोजकांच्या कानावर घालावं लागेल.

दहा वाजता सवयीने बूट घातले. मग काढले.

४ फेब्रुवारी
फॉर्मवर अडीचशे शब्दांची मर्यादा. माझे एकोणीसशे झाले. त्यातले अकराशे वक्त्याच्या परिचयाचे, ते कापणं शक्य नाही. वक्ता कोण हे कळल्याशिवाय लोक ऐकणार कसं?

पेस्टरला वाचायला दिलं. हा आमचा पानं लावणारा. पूर्वी कात्री आणि डिंक घेऊन लावायचा, आता कॉम्प्युटरवर लावतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याने दोनदा वाचलं आणि अदबीने विचारलं की साहेब, यात ऐकणं कुठे आहे? म्हटलं, जेवणानंतर. तो म्हणाला, बरं, म्हणजे लोक झोपल्यावर.

गुणी माणूस, पण दृष्टी पानापुरती.

७ फेब्रुवारी, दुपारी
पाठवलेल्या प्रस्तावावरून परिषदेच्या चिटणीस बाईंचा फोन. आवाज मऊ, शब्द मोजके. पूर्ण दिवस कुणालाच देत नाही म्हणाल्या, जास्तीत जास्त नव्वद मिनिटं. मी म्हटलं, नव्वद मिनिटांत तर माझी नुसती ओळख होईल. तर म्हणे, हो, ते प्रस्ताव वाचताना आमच्याही लक्षात आलं. बाईंना माझ्याविषयी आदर आहे.

पुढे एक नियम सांगितला. सत्रात कुणा जुन्या माणसाचा आवाज वाजवणार असाल तर तीन मिनिटांचा नमुना आधी पाठवायचा आणि घरच्यांची लेखी संमती जोडायची. मी म्हटलं, अहो, घरचा मीच. त्या म्हणाल्या, बाहेरचे लोक येऊन आपल्या म्हाताऱ्यांचे आवाज घेऊन जातात आणि घरच्यांना ते कुठल्यातरी समारंभात पहिल्यांदा ऐकू येतात, म्हणून हा नियम आपणच केलाय. तेव्हा सगळ्या मुलांच्या सह्या.

सगळी मुलं म्हणजे मी आणि ताई.

नियम चांगला आहे. इतरांसाठी तर फारच.

९ फेब्रुवारी, रविवार
ताईकडे गेलो. शेवटची अकरा वर्षं आई तिच्याकडेच होती, त्यामुळे रस्ता पायांना पाठ. आईची खुर्ची तिथेच आहे, खिडकीशी. तिच्यावर धुतलेले कपडे ठेवले होते. ताई घड्या घालत होती. मी कपडे उचलून खुर्चीत बसणार होतो, मग स्टूल घेतलं. काही वाटलं नाही, स्टूल बरं पडतं पाठीला.

ताई स्थानिक रेडिओवर रोज सकाळी सातला आमच्या घरच्या भाषेत निधनवार्ता वाचते. दहा मिनिटं, बारा वर्षं. मरण पावलेल्या प्रत्येकाच्या घरी आधी फोन करते: नाव कसं उच्चारायचं, घरात काय म्हणायचे, कुणाकुणाचं नाव घ्यायचं. छंद म्हणून ठीक आहे. पत्रकारिता वेगळी. आईची वार्ताही तिनेच वाचली. मी त्या वेळी प्रेसमध्ये होतो, मशिन चालू होतं.

सहीचं काढलं. मला वाटलं जुनं भांडण उकरेल (मी तिला रेकॉर्डिंगच्या प्रती दिल्या नाहीत, एडिटिंग बाकी आहे म्हणून. दीड वर्ष बाकी आहे, पण बाकी आहे हे खरं.) पण ती म्हणाली, आत्ता करते सही, फक्त एक गोष्ट ऐकव. वस्ती उठवली त्या दिवसाची.

इथे भविष्यातल्या मला आठवण म्हणून: धरणासाठी आमची जुनी वस्ती उठवली तेव्हा आई नऊ वर्षांची होती. तो दिवस डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नाही. आईने तो ताईला कधी सलग सांगितला नाही. तुकडे सांगायची, दाराचं काहीतरी. पण मागे दिवाणखान्याच्या रंगकामाच्या वेळी ताईने पुन्हा विचारलं तर म्हणाली म्हणे, सगळं सांगून ठेवलंय, धाकट्याच्या डबीत आहे.

धाकटा मी. डबी म्हणजे रेकॉर्डर.

ताईने विचारलं, कितव्या फाइलमध्ये आहे? मी लगेच म्हटलं, सव्वीस. आकडा ठामपणे सांगितला की माणसं पुढे विचारत नाहीत, हे मी जाहिराती मिळवताना शिकलो. ताईने मात्र पदर खोचला आणि म्हणाली, मग सव्वीसच ऐकव.

म्हटलं, साफ करून आणतो.

१२ फेब्रुवारी
सव्वीस ऐकायला बसलो. हेडफोनची एक बाजू बंद. अशा आवाजात आईला ऐकणं तिचा अपमान ठरेल. उद्या नवा आणतो.

१३ फेब्रुवारी
अंकाचा दिवस.

१४ फेब्रुवारी
अंकानंतरचा दिवस.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
ऐकलं. पहिली आठ मिनिटं. मी कागदाच्या तुटवड्याविषयी बोलतो आहे. मुद्देसूद. मध्ये एकदा आई ‘हूं’ म्हणते, तेही योग्य जागी. प्रस्तावना जरा लांबली आहे पण पाया भक्कम झाला. गोष्ट पुढे असणार. बंद केलं.

बायको आत आली तेव्हा मी हेडफोन काढत होतो. आईंचं काय ऐकलंस, विचारू लागली. म्हटलं, खूप. ती दारातूनच म्हणाली की तू आता घरातसुद्धा चालू मशिनसारखा बोलतोस, आई गेल्यापासून जास्तच. मी तिला समजावलं की हा वक्त्याचा सराव असतो. चांगली पंधरा मिनिटं समजावलं.

१९ फेब्रुवारी
उद्या मुदत. नमुना जोडता येत नाही, म्हणून वेगळा डाव. एकाऐवजी पाच प्रस्ताव पाठवले. पाचांत एक तर लागेल.

‘ऐकण्याची कला’ (नमुना मागाहून). ‘छोट्या वृत्तपत्राने मोठं कसं दिसावं’. ‘मथळ्याची ताकद’. ‘घरच्या भाषेतली बातमी’. ही भाषा मला उत्तम येते, फक्त वापरायची सवय गेलीय. आईलासुद्धा मी प्रश्न शाळेच्या भाषेत विचारायचो आणि तिने घरच्या भाषेत उत्तर द्यावं अशी मोकळीक ठेवायचो. पाचवा: ‘मुलाखतीचे बारा नियम’. नियम पहिला: प्रश्न विचारा आणि गप्प बसा. हा मला चहा पिता पिता सुचला. अनुभवाशिवाय असं वाक्य सुचत नाही.

अनुभवाचा पुरावा म्हणून लिहिलं: ‘प्रस्तुत वक्त्याकडे स्वतःच्या आईचे चाळीस तास आहेत.’ वाचून अंगावर काटा यायला हवा. माझ्या आला नाही, पण मी लिहिणारा.

२३ फेब्रुवारी, रविवार
दहाला बूट. साडेदहापर्यंत घालून बसलो होतो. लेक म्हणाली, बाबा, कुठे चाललाय? म्हटलं, बूट सैल करतोय.

४ मार्च
निकाल. पाच प्रस्ताव, पाच नकार, पण पाचांची पाच वेगळी कारणं दिली आहेत. म्हणजे त्यांनी पाचही वाचले. वयाच्या बाराव्या वर्षी मी या धंद्यात आलो तेव्हा मला हाकलतानासुद्धा कुणी कारण द्यायचं नाही. प्रगती आहे.

‘बारा नियमां’वर शेरा असा: ‘पहिला नियम उत्तम. उरलेल्या अकरांत तो पाळलेला दिसत नाही.’

सोबत निवडलेल्या सत्रांची यादी. मोठ्या वाहिनीवरचा दाढीवाला बातमीदार, नव्वद मिनिटं. तो असतोच, परिषदेच्या सतरंजीसारखा. खाली तिसऱ्या ओळीत: ‘मेलेल्या माणसाचं नाव कसं घ्यावं: रेडिओवरची निधनवार्ता.’ पंचेचाळीस मिनिटं. घेणार: ताई.

तिने मला सांगितलंही नाही. फोन केला तर म्हणाली, सांगितलं होतं. स्टुलावर बसला होतास तेव्हा, दोनदा. तू चाळीस तासांचं सांगत होतास.

काही वाटलं नाही. घरातल्या घरात आहे.

६ मार्च
चिटणीस बाईंना फोन करून कुठलीही जबाबदारी घ्यायला तयार असल्याचं कळवलं. त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, एक काम आहे, जबाबदारीचं आहे, आणि मला वाटतं तुम्हाला त्याचा उपयोगही होईल. वेळ राखायची. वक्त्याची पाच मिनिटं उरली की पिवळा पुठ्ठा दाखवायचा, दोन उरली की तांबडा, संपली की टेबलावरची घंटा.

म्हणजे सभेचं संपूर्ण नियंत्रण. कुणी कधी थांबायचं हे मी ठरवणार, दाढीवाल्यानेसुद्धा. घरी जाहीर केलं की परिषदेत कळीचं पद मिळालंय. लेकीने विचारलं, म्हणजे घंटेवर? या पिढीला पदांची कदर नाही.

आजच स्टॉपवॉच घेऊन आलो. सेकंदाचा दहावा भाग दाखवतं.

१५ मार्च
ताईचा फोन. उद्या प्रेसमध्ये येते, रविवार आहे, मशिन बंद असेल, सव्वीस ऐकव. साफ झालं नसेल तरी चालेल, मला आईच्या आवाजाला साबण नको. मी म्हटलं, उद्या पेस्टर नाही. पेस्टर पलीकडच्या टेबलावरून मोठ्याने म्हणाला, आहे की.

१६ मार्च, रविवार
बूट घातले आणि ते घालून खरंच कुठेतरी गेलो. पाच आठवड्यांनी.

ताईने बरोबर वाटाण्याच्या शेंगा आणल्या होत्या. प्रेसमध्ये. पेपर अंथरून सोलत बसली. सव्वीस लावली. मी, कागदाचा तुटवडा. मी, जुना फोरमन आणि त्याचा खोकला. मी, आपल्या लोकांनी एकत्र का यायला हवं. ताई शेंगा सोलत राहिली. वीस मिनिटांनी मी म्हटलं, मायक्रोफोन माझ्या बाजूला वळलेला असणार. पेस्टर म्हणाला, साहेब, मायक्रोफोन गोल आहे.

मग त्याने चाळीसच्या चाळीस फाइली त्याच्या पडद्यावर एकाखाली एक मांडल्या, आवाजाच्या रेघा दिसतात तशा. म्हणाला, ऐकायची गरजच नाही, बघून कळतं. तुम्ही डोंगर. आई सपाट.

खरंच डोंगर होते. एकाला लागून एक. प्रत्येक डोंगरामध्ये एक चिमटीएवढी फट. ताईने बोट ठेवून विचारलं, ही फट काय आहे? पेस्टरने ती मोठी करून ऐकवली. माझा प्रश्न: आई, तुला तो दिवस आठवतो का? फट. त्या फटीत आई श्वास घेते, आत, लांब. आणि लगेच माझा पुढचा प्रश्न. पेस्टरने मोजलं, तीन सेकंद. दुसरी फट, चार सेकंद. सगळीकडे तेच. श्वास, आणि मी.

मी सांगितलं की आईला जुनं फारसं आठवत नसे, म्हणून मी मदत करत असे.

तेव्हा ताई बोलली. म्हणाली, आईला काही विचारलं की हातात काम घ्यायचं, वेड्या. कपड्यांच्या घड्या घाल, शेंगा सोल, काय वाटेल ते कर. तिच्याकडे बघायचं नाही. ढीग अर्धा झाला की ती बोलायला लागायची. आमचं सगळं बोलणं तसंच झालं, तू कपडे उचलायचास आणि बसायचास समोर डोळे वटारून.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

पेस्टर पडदा खाली खाली सरकवत होता. एकतिसाव्या फाइलपाशी थांबला. डोंगर अचानक संपत होते आणि पुढे लांब सपाटी, मग बारीक बारीक उंचवटे, एकसारखे. लावलं.

मी विचारतो, तो दिवस आठवतो का. माझा फोन वाजतो. मी म्हणतो, एक मिनिट हं आई, तू बोल त्याच्यात, मी आलोच. दार लागतं. मग काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. चाळीस सेकंद, स्टॉपवॉच माझ्या खिशात होतं. आणि मग आई बोलायला लागते. घरच्या भाषेत. खोलीत कुणी नाही. डबीशी.

मला निम्मं कळलं. ताईने हळूहळू सांगितलं. नवीन जागी भिंती देऊ, छप्पर देऊ असं साहेबलोक सांगून गेले होते. दाराचं कुणी काही बोललं नव्हतं. म्हणून आजीने घराचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. ट्रकवाला दार घेईना. मग चौघांनी ते खांद्यावर घेतलं आणि ट्रक पुढे गेला, ही माणसं मागून चालत. आई नऊ वर्षांची, तिच्या मुठीत दाराची कडी. आजीने सांगितलेलं, ही सोडायची नाही, तहान लागली तरी दुसऱ्या हाताने पाणी प्यायचं. वाटेत लोक हसत होते, दार घेऊन कुठे निघालात म्हणून. ऊन तापलं तसं माणसं ते दार उभं करून त्याच्या सावलीत बसली. आई सांगते की मी सावलीत बसले आणि कडी लावून पाहिली, दाराच्या दोन्ही बाजूंना रानच होतं. इथे आई हसते. मग म्हणते, पुढे नदी आली, आणि दार—

दार उघडतं. आमचं, ताईच्या खोलीचं. आणि मी मोठ्याने म्हणतो: हं, तर कुठे होतो आपण?

आई म्हणते, काही नाही. चहा घेतोस?

पुढे पुन्हा डोंगर.

ताईने फाइल तीनदा लावायला सांगितली. रडली नाही. मीही नाही. पेस्टर शेंगांची टरफलं गोळा करत होता. मी ताईला विचारलं, नदीवर दाराचं काय झालं? ती म्हणाली, मला वाटलं ते तुझ्या डबीत आहे.

फोन कुणाचा होता आठवत नाही. रविवार होता, म्हणजे महत्त्वाचा असणार.

१८ मार्च
ही विचारत होती, जेवला का नाहीस. जेवलो असं वाटत होतं.

२२ मार्च
ताईला एकतिसाव्या फाइलमधली आईची ती सात मिनिटं तिच्या सत्रात वाजवायची आहेत. नियमाप्रमाणे सगळ्या मुलांची सही हवी. म्हणजे माझी. फॉर्म तिने पाठवला, नाव, नातं, सही.

धंद्यात अशी वेळ सारखी येते आणि मी ती सोडत नाही. फोन करून अट घातली: शेवटचं माझं वाक्य कापायचं. पेस्टर दोन मिनिटांत कापेल, कुणाला कळणारही नाही, उलट आई छान थांबली असं वाटेल. ताई नाही म्हणाली. म्हणाली, ती आपण होऊन थांबली नाही ना. जिथे थांबली तिथे जे होतं ते राहू दे. नाहीतर नको वाजवायला, मी दुसरं काही करेन. आवाज चढवला नाही. निधनवार्तेच्या आवाजातच बोलली, एकेक शब्द सुटा.

विचार करतो म्हटलं.

२३ मार्च, रविवार
विचार केला. माझी प्रतिष्ठा आहे. परिषदेत पदाधिकारी आहे मी. शंभर-दीडशे पत्रकार ते वाक्य ऐकणार, आणि समोर घंटा घेऊन मीच बसलेला.

२६ मार्च
संकल्प: सही करायची नाही.

२८ मार्च, सकाळी सात
प्रेसमध्ये रेडिओ लावला. बारा वर्षांत पहिल्यांदा. मशिन बंद ठेवलं, पेस्टरला वाटलं वीज गेली. ताईने आज चार नावं वाचली. प्रत्येक नावानंतर ती थांबते. चार सेकंद. मोजले. मग पुढचं नाव.

२९ मार्च
फॉर्मवर सही केली. नात्यासमोर ‘मुलगा’ लिहिलं. आधी ‘संपादक’ लिहिलं होतं, ते खोडलं. पेस्टरकडून पाठवून दिला. अट वगैरे काही लिहिली नाही, जागाच कमी होती फॉर्मवर.

१२ एप्रिल, परिषद, दिवस पहिला
हॉल मोठा, खुर्च्या प्लास्टिकच्या, माइक शिट्टी मारणारा. माझं टेबल पहिल्या रांगेत, मधोमध. पिवळा, तांबडा, घंटा. दाढीवाला नव्वदाव्या मिनिटाला ‘आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो’ म्हणाला आणि मी घंटा वाजवली. एवढा स्वच्छ नाद मी आयुष्यात ऐकला नाही. जेवताना तो जवळ येऊन म्हणाला, दादा, अर्धं मिनिट तरी द्यायचं होतंत. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. चिटणीस बाई म्हणाल्या, तुम्ही या कामासाठी जन्मलात.

उद्या ताई. अकरा वाजता.

१३ एप्रिल, रविवार, संध्याकाळी
ताईने येताना गाठोडं आणलं होतं. सोडलं तर आत धुतलेले टॉवेल, पंचे, उशांचे अभ्रे. लोक हसायला लागले. तिने सगळ्यांना जोडीजोडीने बसवलं. म्हणाली, एकाने दुसऱ्याला त्याच्या गेलेल्या माणसाबद्दल एकच प्रश्न विचारायचा. मग बोलायचं नाही, बघायचं नाही, घड्या घालायच्या. मोठ्या वाहिनीचा दाढीवाला अभ्र्याची चौकोनी घडी घालत होता. आधी सगळे कुजबुजत, हसत होते. मग हळूहळू हसू थांबलं. मग एकेक जण बोलायला लागला. मी कान देऊन होतो, पण मला काहीच ऐकू आलं नाही, सगळे इतके हळू बोलत होते.

माझ्या जोडीला कुणी नव्हतं, मी टेबलावर होतो. चिटणीस बाईंनी एक पंचा माझ्या पुढे ठेवला. मी घडी घातली. त्यांनी काही विचारलं नव्हतं.

मग ताईने आईची सात मिनिटं वाजवली. त्याआधीच्या चाळीस सेकंदांत कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. दाराच्या सावलीपाशी आई हसली तेव्हा हॉलही हसला. आणि ‘तर कुठे होतो आपण’ला हॉल पुन्हा हसला, जरा मोठ्याने. ते सगळे बातमीदार होते, आवाज कुणाचा आहे ते न सांगता ओळखलं असावं, किंवा प्रत्येकाला स्वतःचा वाटला असावा. ताई हसली नाही. तिने सांगितलं की नदीपुढची गोष्ट आमच्याकडे नाही.

मग लोक प्रश्न विचारू लागले आणि ती प्रत्येक प्रश्नानंतर थांबून उत्तर देऊ लागली, म्हणून सत्र सहा मिनिटं लांबलं. पिवळा पुठ्ठा सापडला नाही. तांबडा पंच्याच्या घडीत गेला होता. घंटा अडकली होती. चिटणीस बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना खुणेने सांगितलं, अडकलीय.

निघताना ताईने विचारलं, पुढच्या रविवारी येणार का. मी लगेच सुरुवात केली होती, की पुढच्या रविवारी अंकाचं नियोजन आहे, शिवाय... मग थांबलो. ती गाठोडं बांधत होती. गाठ बांधून होईपर्यंत थांबलो. येतो म्हटलं.

१४ एप्रिल
स्टॉपवॉच खिशात होतंच. चाळीसही फाइली पेस्टरच्या पडद्यावर लावल्या आणि आईचं सगळं बोलणं मोजून काढलं, ‘हूं’, ‘बरं’, ‘डबीचा दिवा लागलाय का रे’ आणि ‘चहा घेतोस’ धरून. सकाळी नऊला बसलो, चारला उठलो.

वहीच्या पहिल्या पानावर चाळीस तास लिहिलं आहे. ते खोडत नाही, खरा आकडा इथे लिहितो.

आई: अकरा मिनिटं वीस सेकंद. त्यातली सात मी खोलीत नसताना.